पंचमीची ओहोटी

“पण मावशी, पाणी परत किती वाजता येतं ते एकदा कॅलेंडरात बघून घ्या ना,” नलिनीबाई म्हणाल्या.

मी चुलीपाशी बांगड्याच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत होते. दुपारी खाडीपलीकडून परत आल्यावर पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं. हात तसाच घेऊन उठले आणि पडवीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे जाऊन उभी राहिले. थोडं मागे झाले, थोडं पुढे झाले. मग एका चौकोनावर बोट टेकवलं.

“पंचमी,” मी म्हटलं.

नलिनीबाई माझ्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या.

“काय म्हणते पंचांग?” बाहेरून त्यांच्या यजमानांनी, वामनरावांनी विचारलं. ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते.

“पंचमी आहे,” मी सांगितलं. “पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती पुरी झाली. तिथून सहा तास, म्हणजे पावणेदहाला ओहोटी पुरी. त्यापुढे दोन तास खाडी चालत उतरता येते. पावणेबाराच्या आत परत आलं की झालं.”

वामनराव उठूनच उभे राहिले. “अहो, पाऊणकी! तिसरीत मास्तर पाठ करून घ्यायचे. साठ वर्षांत मले तिचा उपयोग कुठं झाला नाही, अन् तुम्ही तिच्यावर समुद्र चालवता!”

“समुद्र कुठला, खाडी,” मी हसले. “आमच्या मामंजींनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती.”

“नलू, ऐकलं का? तुझ्या शाळेत हे शिकवायचं सोडून काय काय शिकवलंस तू?”

“मावशींना माहीत असतं सगळं,” नलिनीबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

ही दोघं वर्ध्याहून आली होती. ते टपाल खात्यातून निवृत्त, त्या मराठी शाळेतून. आयुष्यभर डोंगर आणि समुद्र पाहायचा राहिला म्हणून घाट उतरून पंधरा दिवसांच्या सहलीला निघाली होती. किल्ला पाहून झाला, वरच्या गावातली दगडी देवळं पाहून झाली. आमच्या गावात, पाजव्यात, तेव्हा लॉज नव्हता. एसटीच्या कंडक्टरने त्यांना माझ्या दारात आणून सोडलं. मी एकटी राहायची. नवरा गेलेला, मुलगा ट्रॉलरवर. पुढची खोली मी सारवून दिली.

वामनरावांचा एक नेम होता. जिथे जातील तिथून स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाकायचं. “घरी गेल्यावर सगळा प्रवास दारात पडलेला असतो,” ते म्हणायचे. आमच्या गावाचं कार्ड आदल्या दिवशीच टाकून झालं होतं. आता त्यांना समोरच्या काठावरचं खांडवी पाहायचं होतं. खांडवी म्हणजे जुनं बंदर. पूर्वी तिथे गलबतं लागायची. आता दगडी धक्का, जकातीच्या चौकीच्या चार भिंती, एक मशीद, एक देऊळ आणि वीसेक घरं. होडी होती, पण त्या आठवड्यात ती तेलपाणी करायला किनाऱ्यावर ओढून उलटी घातली होती. रस्त्याने गेलं तर पुलावरून अठरा मैलांचा वळसा. ओहोटीला मात्र आम्ही बायका चालतच जायचो. मधे वाळूचा एक लांब बांध उघडा पडतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याचा एकेक पाट राहतो. खांडवीकडचा उथळ, आमच्याकडचा खोल. पाटात खडक कुठे, चिखल कुठे, हे पायांना ठाऊक असलं की झालं.

माझ्या पायांना ते ठाऊक होतं. तिथीचं मात्र मनात घोळत होतं. आठ दिवस मी तापाने पडून होते, खाडीत उतरले नव्हते. रोजचं पाणी डोळ्यांसमोर असलं की तिथी लागत नाही. पण आठ दिवस गेले आणि माझा धागा तुटला. एकच खूण हाताशी होती: आदल्या दिवशी शेजारीण सांगून गेली की आज संकष्टी आहे, म्हणून मी उपास केला, चंद्र बघून सोडला. काल चतुर्थी, म्हणजे आज पंचमी.

साडेआठला आम्ही निघालो. सकाळचा मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता. धुकं नदीच्या वरच्या अंगाला अडकून बसलं होतं, त्याच्यावर डोंगराच्या रांगा एकामागे एक. वामनराव दर दहा पावलांना थांबत.

“चला हो,” नलिनीबाई म्हणायच्या. “तुम्ही पाहिल्याशिवाय डोंगर कुठं पळून चालले नाहीत.”

“पळून नाही चालले, पण मी तं चाललो ना!” ते म्हणायचे.

आमच्याकडच्या पाटात पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. ओहोटी संपायला सव्वा तास असताना ते मांडीपर्यंत तरी असायला हवं होतं. मला ते जाणवलं. पण मतलई जोराची असली की पाणी ओढून नेते, हेही खरं. मी ते वाऱ्याच्या नावावर घातलं आणि पुढे झाले. वामनरावांचा एक गुडघा दुखरा होता. त्यांनी बूट नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवले होते आणि हातात माझी कालवं फोडायला नेतात ती काठी घेतली होती.

खांडवीत ते लहान मुलासारखे फिरले. जकातीच्या चौकीच्या दारात उभे राहून म्हणाले, “इथं बसून कोणी तरी शिक्के मारले असतील. माझाच भाऊबंद.” धक्क्याच्या दगडांत दोरखंडांनी घासून पडलेल्या खाचा होत्या, त्यांवर त्यांनी बोटं फिरवली. नलिनीबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. त्यांनी एकदा हळूच विचारलं, “मावशी, वेळ आहे ना?”

“पुष्कळ,” मी म्हटलं. “घाई करू नका.”

हे शब्द माझे आहेत. कोणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

साडेदहाच्या सुमाराला सकवार भेटली. ही खांडवीतली, माझ्या वयाची, तिसऱ्या-शिंपल्या गोळा करून परत चालली होती. डोक्यावरची टोपली ठिबकत होती.

“काय गो द्वारके, बरी झालीस? पावणे व्हय?”

“व्हय. इतक्यात परतलीस ती?”

“पाणी फिरलं नाय का? तू कवा जातेस?”

“अकरा-सव्वाअकराला निघतो. पंचमी हाय.”

सकवार थांबली. “चवथ ना आज?”

“काल संकष्टी नाय का झाली? तू उपास नाय केलास?”

“केला गो.” तिने डोक्यावरची टोपली सावरली. “व्हय, तेही खरंच. म्हातारी झालंव, काय ध्यानात राहात नाय.” आणि ती हसत गेली.

तेव्हाही मी उठले असते तर वेळ होता. नलिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या मनात आलं, आता घाई केली तर या म्हणतील, सकाळी कॅलेंडर बघून सांगितलं ते काय होतं? मी बसून राहिले. शहाळं फोडून दिलं.

सव्वाअकराला निघालो. खांडवीकडच्या पाटात पाय घातला आणि मला कळलं. पाणी कमरेला नव्हतं, मांडीलाही नव्हतं, पण पंचमीच्या हिशेबाने या वेळी नसावी एवढी ओढ त्याला होती. समुद्राकडून डोंगराकडे. आणि गार होतं. ओहोटीचं उरलेलं पाणी उन्हाने कोमट होतं, भरतीचं नवीन पाणी गार असतं. 

मागे वळायचं की पुढे जायचं? मागे वळलो असतो तर खांडवीत रात्रीच्या ओहोटीपर्यंत बसलो असतो, सकवारने भात घातला असता, सगळी हसली असती. मला अजूनही तो भात दिसतो. पण तेव्हा मला वाटलं, बांध ओलांडायला दहा मिनिटं, आमच्याकडचा पाट पाच मिनिटं. जमेल.

“जरा पाय उचला,” मी म्हटलं.

“काय झालं?” नलिनीबाईंनी विचारलं.

“काही नाही. वारा फिरलाय.”

बांधाच्या मध्यावर आलो तेव्हा मागचा पाट भरून गेला होता. पुढे बघितलं तर आमच्याकडच्या पाटाचं पात्र सकाळच्या दुप्पट झालेलं. तिसऱ्या तासाला पाणी चालत नाही, धावतं. बांधाची वाळू कडेने विरघळायला लागली होती.

वामनरावांनी मागे-पुढे पाहिलं. मग म्हणाले, “मावशी, हिशेब चुकला ना?”

दोघांना एकदम नेणं मला झेपणार नव्हतं. पाटातली वाट सरळ नाही. आधी वरच्या अंगाला चाळीस पावलं, तिथे पाण्याखाली खडकाची पाठ आहे, तिच्यावरून आडवं, मग खाली. सरळ गेलं की दोन पुरुष खोल डोह.

“हिला न्या आधी,” ते म्हणाले.

“तुम्ही हलू नका,” मी सांगितलं. “काही झालं तरी मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. पाणी छातीला आलं तरी काठी रोवून उभे राहा.”

“उभं राहणं मले जमतं,” ते म्हणाले. “तेहतीस वर्षं खिडकीशी उभा राहिलो.”

नलिनीबाईंनी त्यांच्या गळ्यातले बूट सरळ केले. मी त्यांचं मनगट धरलं आणि पाण्यात शिरले. खडकाच्या पाठीवर पाणी त्यांच्या खांद्यापर्यंत आलं. दोनदा पाय सुटला त्यांचा. मी ओढत, लोटत त्यांना काठाच्या चिखलात टाकलं आणि तशीच मागे वळले.

बांध दिसत नव्हता. पाण्याच्या मधोमध वामनराव कमरेपर्यंत उभे होते. मी वरच्या अंगाला धावत गेले, खडकाशी उतरले, पोहायला लागले. तेव्हा त्यांच्या पायाखालची वाळू गेली असावी. एका बाजूला कलले, सावरले, आणि चालायला लागले. सरळ. काठावर त्यांची बायको उभी होती, तिच्या दिशेने.

“हलू नका!” मी ओरडले. “वर या! वर, इकडे!”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. हात वर केला. त्या हातात काठी होती. मग काठीच दिसली आणि मग तीही नाही.

माणसं धावून आली, उलटी घातलेली होडी सरळ करून पाण्यात लोटली. सापडले ते संध्याकाळच्या ओहोटीला, वरच्या वळणावर, कांदळवनाच्या मुळांत. बूट गळ्यात होते.

तालुक्याहून पोलीस आले. पंचनामा झाला. हवालदार वाचून दाखवत होता, तारीख, वार, वेळ. तेरा डिसेंबर. त्याने मला विचारलं, “बाई, पाण्याची वेळ तुम्हाला ठाऊक नव्हती का?”

मी सगळं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते.

नलिनीबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “यांनी कॅलेंडर बघून वेळ सांगितली होती. मी शेजारी उभी होते. पाणी अचानक वाढलं. मावशींनी त्यांना हलू नका म्हणून बजावलं होतं. ते हलले. यांचा काही दोष नाही.”

हवालदाराने तसंच लिहिलं. खाली मी अंगठा उठवला.

नलिनीबाईंचा मुलगा नागपुराहून आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळा गाव म्हणाला, केवढं मोठं मन. नवरा गमावला आणि एक शब्द वाकडा नाही. महिन्याने त्यांचं कार्ड आलं. पोस्टमनने वाचून दाखवलं: मी बरी आहे, स्वतःला दोष लावून घेऊ नका. खाली पत्ता. मला ते मोठं मन सोसत नव्हतं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री झोपले असते. त्या खोटं का बोलल्या? बोलल्या ते खोटं तरी होतं का? एवढंच मला कळत नव्हतं, आणि विचारायला कोणी नव्हतं, कारण विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

खाडी मी सोडली. पाहुणे ठेवणं सोडलं. पुढे वाळत घातलेले बोंबील विकले, दुसऱ्यांची जाळी शिवली.

दहा-अकरा वर्षांनी गावात प्रौढ बायकांचा वर्ग निघाला. अंगणवाडीची सुगंधा शिकवायची. साठीला आलेल्या आम्ही सात जणी, पाटीवर ग म भ न गिरवत होतो आणि एकमेकींच्या पाट्या बघून हसत होतो. मला यायला वेळ लागला. काना-मात्रा एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे. पण एकदा लागलं तसं मी काहीही वाचायला लागले: साबणाचा कागद, एसटीची पाटी, मिठाची पिशवी.

एके दिवशी पत्र्याची ट्रंक उपसली. तळाला जुनं कॅलेंडर अंथरलेलं होतं. तेच. मुलाने कधी तरी भिंतीवरून काढून घातलं असावं. वरच्या पानावर एका चौकोनात पिवळा डाग होता, बोटाएवढा. हळदीचा. इतक्या वर्षांत फिका पडला होता, पण गेला नव्हता. मी ते पान मांडीवर घेऊन मोठी अक्षरं लावायला लागले. ऑ. क्टो. ब. र.

मी पुन्हा लावलं. ऑक्टोबर.

मुलगा दसऱ्याला आला होता, तेव्हा त्याने पान उलटलं होतं. त्यानंतर ते कोणी उलटलंच नव्हतं. डिसेंबरच्या सकाळी मी ऑक्टोबरच्या पानावर बोट ठेवून पंचमी सांगितली होती. आणि आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलेली बाई चष्मा लावून माझ्या खांद्याशी उभी होती.

मी दोन पानं उलटली. डिसेंबर. बारा तारखेच्या चौकोनात लिहिलं होतं: तृतीया. त्याच्या खाली बारीक अक्षरांत: संकष्ट चतुर्थी. तेराच्या चौकोनात: चतुर्थी. संकष्टी चंद्रोदयाची धरतात, म्हणून ती कधी कधी तिजेच्या दिवशी येते. हे मामंजी सांगायचे. मला ठाऊक होतं. कोणत्या महिन्यात येते ते मात्र वाचावं लागतं. चार पाऊणे तीन. नऊला ओहोटी पुरी. अकराच्या आत परत.

मी पोस्टकार्ड आणलं. चार दिवस लागले लिहायला. तीन ओळी सुगंधाला न दाखवता लिहिल्या: “बाई, मी आता वाचते. कॅलेंडरचं पान ऑक्टोबरचं होतं. तुम्ही पाहिलं होतं ना?”

उत्तर यायला वीस दिवस लागले. कार्ड जुनं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, कमी पडणारी तिकिटं वर चिकटवलेली. त्यांच्या यजमानांच्या गठ्ठ्यातलं असणार. अक्षर सुवाच्य होतं, मला एकटीला लावता आलं.

“पाहिलं होतं. तुम्हाला वाचता येत नाही हे तेव्हाच कळलं. पान उलटून बघावं असं मनात आलं, पण तुम्हाला लाज वाटेल म्हणून गप्प राहिले. विहिरीवर ती बाई चवथ म्हणाली, तेव्हाही गप्प राहिले. हे मी मुलाला सांगितलेलं नाही. दोष तुम्हाला लागू नये म्हणून मी तेव्हा बोलले असं सगळे समजतात. तुम्ही तरी तसं समजू नका.”

मी ते कार्ड ट्रंकेत, त्या पानावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेले आणि धक्क्यावर लावायला एक काळा फळा मागितला.

आता पाजव्यात लॉज आहेत, होड्यांना इंजिनं आहेत, तरी ओहोटीला हौसेने चालत जाणारे पाहुणे असतातच. रोज सकाळी मी कॅलेंडर बघते, पाऊणकी करते, धक्क्यावर जाऊन खडूने तिथी लिहिते, भरतीची वेळ लिहिते, कोणत्या वेळेनंतर पाण्यात उतरू नये ते लिहिते. आणि खाली एक ओळ, ती रोज असते: शेजारच्याला वाचता येत नसेल तर विचारून त्याला वाचून दाखवा.

परवा एक कॉलेजातली मुलगी फळ्यापुढे उभी राहून हसायला लागली. “आजी, तुमची गंमतच आहे. ज्याला वाचता येत नाही तो ही ओळ वाचणार कशी?”

“त्याच्यासाठी नाही लिहिलेली ती,” मी म्हटलं. “तुझ्यासाठी लिहिलीय.”